रंग देण्याआधी: मॉडेल विमानावरच्या फटी, खड्डे, चरे आणि त्यांचा बंदोबस्त

खालचे प्रश्न प्लॅस्टिकची विमान-किटं जोडणाऱ्या मित्रमंडळींनी वेळोवेळी विचारलेले आहेत. काही मी स्वतःलाच विचारून डोकं खाजवलं आहे. उदाहरणाला बहुतेक ठिकाणी मिग-२१ धरलंय. एक तर आम्ही नाशिकचे. ओझरचा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कंपनी) कारखाना १९६४ साली उभा राहिला तो मिग-२१ हे लढाऊ विमान बनवण्यासाठीच, त्यामुळे इथल्या दोन-तीन पिढ्यांनी आवाज आला की मान वर करून हेच विमान पाहिलं. दुसरं म्हणजे दोष काढायला शिकवणारा याच्याइतका कडक मास्तर नाही. धड म्हणजे सरळ नळकांडं, पाठीवर आणि पोटावर टोकापासून टोकापर्यंत सांधा, आणि जुना रंग चंदेरी. लपायला जागाच नाही.

थोडीशी फट राहिली तर रंगाखाली झाकली जाईल ना?

नाही. उलट तोवर कुणाला न दिसलेली फट रंग दिल्यावर सगळ्यांना दिसते. कोरं प्लॅस्टिक किंचित अर्धपारदर्शक असतं. त्यात पुट्टीचे पांढरे-करडे डाग, गोंदाचे ओघळ, पेनाच्या खुणा अशी सगळी सरमिसळ असते, त्यामुळे डोळा गोंधळतो. सगळीकडे एकच रंग चढला की उरतो तो फक्त उजेड आणि सावली, आणि सावली खोटं बोलत नाही. एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) दिलेला थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असू शकतो. तो काय भरून काढणार?

थोडा हिशेब करून बघा. १/७२ प्रमाणात ०.२ मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरची. बोट आत जाईल एवढी फट घेऊन कुठलाही पायलट उडायला तयार होणार नाही. खऱ्या मिग-२१च्या पंखांचा एकूण पसारा ७.१५ मीटर, म्हणजे १/७२च्या मॉडेलचा जेमतेम १० सेंटिमीटर. एवढ्याशा वस्तूवर तेवढी फट लांबूनही डोळ्यात सलते.

मला तर सगळं गुळगुळीत दिसतंय. मग दोष शोधायचा कसा?

डोळ्यांपेक्षा नखावर जास्त भरवसा ठेवा. सांध्यावर आडवं नख फिरवा. अडकलं, नुसतं टिक् जरी झालं, तरी तिथे पायरी आहे असं समजा.

मग खोलीतला दिवा घालवा आणि मोबाइलची बॅटरी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, तिरपी धरा. वरून पडणाऱ्या उजेडात जे दिसत नाही ते आडव्या उजेडात डोंगरदऱ्यांसारखं उठून दिसतं. गॅरेजमधला डेंटिंगवाला गाडीच्या दारावर असंच एक डोळा बारीक करून बघतो, तेच तंत्र.

तिसरा उपाय म्हणजे सांध्यावर चंदेरी रंगाचा पातळ हात मारायचा. चंदेरी रंग चहाडखोर असतो, बारीकसा चराही सांगून टाकतो. काही जण काळा मार्कर फिरवून वर पॉलिश पेपर मारतात, म्हणजे घासतात. खोलगट जागी काळं शिल्लक राहतं, तेवढं भरायचं. यात एक धोका आहे: पर्मनंट मार्करची शाई नंतर दिलेल्या रंगातून वर येऊ शकते. तेव्हा तपासणी झाली की ती पूर्ण घासून काढा.

विकत आणलेल्या किटमध्ये हे दोष येतातच कसे?

वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने पोलादी साच्यात भरतात, आणि बहुतेक भानगडी तिथेच होतात. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे भागावर बारीक उंचवट्याची रेघ येते. साचा झिजला किंवा घट्ट मिटला नाही की त्या फटीतून पातळ पापुद्रा बाहेर येतो, त्याला फ्लॅश म्हणतात. थंड झालेला भाग साच्यातून ढकलायला खिळ्यासारखे दांडे असतात, त्यांचे गोल ठसे उमटतात. हे ठसे बहुधा आतल्या बाजूला असतात, पण चाकांच्या दारांवर आणि लँडिंग गिअरच्या खोबणीत हमखास उघडे पडतात.

चौथा प्रकार खड्ड्यांचा. जिथे मागच्या बाजूला जाड खुंटी किंवा आधार असतो तिथलं प्लॅस्टिक उशिरा थंड होतं, आकसतं आणि वरचा पृष्ठभाग आत ओढून घेतं. पंखाच्या जाड मुळाशी आणि बॉम्ब-रॉकेटांवर असा उथळ खळगा सापडतो. तो नखाला कळत नाही, बॅटरीच्या आडव्या उजेडातच पकडला जातो. बाकीचे दोष आपल्या हातचे: वाकडा कापलेला भाग, सांडलेला गोंद, घाई.

जोडण्याआधी भाग धुवायलाच हवेत का?

धुवा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश. साच्यातून भाग सुटावा म्हणून काही ठिकाणी लावलेला तेलकट थर आणि आपल्याच बोटांचा घाम निघून जातो. रेझिनच्या (ओतीव राळेच्या) भागांना तर हे फारच गरजेचं. सिंकच्या भोकावर गाळणी ठेवायला विसरू नका. माझा एक पिटो ट्यूब (विमानाचा वेग मोजणारी बारीक नळी) आजही नाशिक महानगरपालिकेच्या गटारात असेल.

पंख आणि धड यांच्यात मोठी फट आहे. पुट्टी भरू का?

आधी फट का पडली ते शोधा. पुट्टी हा शेवटचा उपाय. गोंद न लावता भाग नुसते जुळवून पाहायची सवय लावून घेतली तर निम्मी पुट्टी वाचते. पुष्कळदा आत स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला जोडलेले येतात तिचा) तुकडा राहिलेला असतो, खुंटी भोकात पूर्ण बसलेली नसते, किंवा कॉकपिटचा टब किंचित रुंद असल्याने धडाचे दोन भाग मिटत नाहीत. दोन मिनिटं कानस चालवली की फट गायब.

मिग-२१चा पंख धडाच्या मध्यावर बसतो आणि मुळाशी फट राहणं नेहमीचं. धड आतून किंचित रुंद केलं तर फट मिटते. जाडसर स्प्रूचा तुकडा योग्य लांबीला कापून धडाच्या आत आडवा ठेवायचा आणि चिकटवायचा, छत्रीची काडी छत्री ताणून धरते तसा. तरीही फट उरली तर तिच्यात पातळ स्टायरीन शीटची पट्टी घालून द्रव गोंद सोडा. पट्टी आणि पंख एकच होऊन जातात, वाळल्यावर जास्तीची पट्टी कापून घासायची. प्लॅस्टिकने भरलेली फट पुट्टीसारखी आकसत नाही की तडकत नाही.

शीट नसेल तर स्प्रू मेणबत्तीवर गरम करून ओढा. ज्योतीत धरायचा नाही, वर दोन बोटं अंतर ठेवून फिरवायचा. मऊ पडून चमकायला लागला की बाजूला घेऊन सावकाश ओढायचा. हवी तेवढी बारीक तार मिळते. ती फटीत दाबून बसवा, वर द्रव गोंदाचा कुंचला फिरवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरा.

पुट्टी कोणती घ्यावी? दुकानात सात-आठ प्रकार आहेत.

एकच पुट्टी सगळीकडे चालत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

तामियाच्या ट्यूबमधली करडी किंवा पांढरी पुट्टी द्रावकावर आधारित असते. प्लॅस्टिकमध्ये किंचित रुतते, त्यामुळे पकड चांगली. पण द्रावक उडून गेला की ती आकसते, म्हणून जाड थर एकदम भरू नका. पातळ थर द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. घाईने भरलेला जाड थर वरून कडक आणि आतून मऊ राहतो, आणि आठवड्याने खचतो.

मिस्टर सरफेसर म्हणजे बाटलीतली पातळ पुट्टीच. ५०० जाडसर असतो, १००० आणि १२०० त्याहून बारीक. केसाएवढ्या फटींना ५०० कुंचल्याने लावा, अर्धवट वाळला की आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने वरचा जास्तीचा पुसून घ्या. फटीतला तेवढा राहतो आणि पेपर मारावाच लागत नाही. आजूबाजूला कोरलेल्या रेघा आणि रिव्हेट असतील तिथे याला तोड नाही.

पाण्यावर आधारित ॲक्रिलिक पुट्टी ओल्या बोटाने किंवा ओल्या इअरबडने पुसता येते. पंखाच्या मुळाशी, कॅनॉपीच्या (पायलटवरच्या पारदर्शक काचेच्या) कडेला, जिथे पेपर पोहोचत नाही तिथे झकास. पण ती प्लॅस्टिकला नुसती चिकटलेली असते, त्यात मुरत नाही. ताण पडेल अशा सांध्यात तिच्यावर विसंबू नका.

दोन भागांची इपॉक्सी पुट्टी मोठ्या पोकळीसाठी. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात एम-सील सहज मिळतं. कण जाड असल्याने बारीक कामाला ते उपयोगाचं नाही, पण आत न दिसणारी पोकळी भरायला, आधार द्यायला उत्तम. बारीक कामाला मिलिपुट घ्या, ते ओल्या बोटाने लोण्यासारखं गुळगुळीत होतं. इपॉक्सी आकसत नाही, हा तिचा मोठा गुण.

घरचा उपाय: त्याच किटच्या स्प्रूचे बारीक तुकडे द्रव गोंदाच्या अर्ध्या बाटलीत टाकून दोन दिवस ठेवा. मधासारखं घट्ट मिश्रण होतं. हे म्हणजे प्लॅस्टिकच्या फटीत प्लॅस्टिकच. घासतानाही आजूबाजूच्या भागाइतकंच कडक लागतं, म्हणून नवी रेघ कोरायला सोयीचं. वाळायला मात्र तीन-चार दिवस हवेत. तेवढा धीर नसेल तर या वाटेला जाऊ नका.

गाड्यांना लावतात ती एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी स्वस्त असते आणि बरेच जण वापरतात. चालते, पण तिच्यातलं थिनर पातळ भागांचं प्लॅस्टिक मऊ करतं, त्यामुळे आधी स्प्रूवर लावून बघा. आणि भिंतीची पुट्टी? सांगायला लाज वाटते, पण हा प्रश्नही येतो. नको.

फेविक्विकने फट भरता येते का?

येते, आणि माझी सगळ्यात आवडती पद्धत तीच आहे. सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेविक्विकमधला गोंद, आकसत नाही, लगेच कडक होतं, त्यावर रेघ कोरली तर कड तुटत नाही. मिग-२१च्या पाठीवरचा आणि पोटावरचा लांब सांधा मी यानेच भरतो. टाचणीच्या टोकाने थोडंथोडं सोडत जायचं.

मात्र वेळेचं पथ्य पाळा. लावल्यावर तासाभरात पेपर मारायला घ्या. रात्रभर ठेवलं तर ते प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कडक होतं. मग पेपर मारताना बाजूचं मऊ प्लॅस्टिक झिजतं आणि मधे गोंदाचा बांध तसाच उभा राहतो. एक दोष काढायला गेलात आणि दोन वाढवलेत, अशी गत.

त्यात टाल्कम पावडर मिसळली तर लापशीसारखं मिश्रण होतं, ते सावकाश वाळतं आणि घासायला मऊ लागतं. खाण्याचा सोडा टाकलात तर क्षणात दगड होतो. आतल्या बाजूच्या आधाराला ते ठीक, बाहेरच्या पृष्ठभागावर नको.

आणि जादा झालेलं फेविक्विक कापसाने कधीच पुसू नका. कापूस आणि सायनोॲक्रिलेट भेटले की मिश्रण एकदम तापतं, धूर निघतो, बोट भाजतं. बोटं चिकटली तर नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन उपयोगी पडतं, पण तेच ॲसिटोन मॉडेलवर पडलं तर प्लॅस्टिक वितळतं. दोन्ही बाटल्या एका टेबलावर नकोतच.

सांधा आरशासारखा केला होता. पंधरा दिवसांनी रेघ परत आली. का?

याला मी भुताची रेघ म्हणतो. पॉलिस्टायरीनचा द्रव गोंद खरं तर चिकटवत नाही, तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळतात. नीट दाबलं की सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक मणी बाहेर येतो. हा मणी यायलाच हवा, पुढे तोच सांधा भरून काढतो. पण त्यातला द्रावक पूर्ण उडायला वेळ लागतो. वरून कडक वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी घासून सपाट केलंत, तर आतला उरलेला द्रावक नंतर निघून जातो, जागा आकसते आणि बारीक खोबण उघडते. पातळ गोंदाने नीट दाबलेल्या सांध्याला किमान दोन दिवस द्या, गोंद जास्त झाला असेल तर आठवडा. मी त्या काळात चाकं, सीट, क्षेपणास्त्रं असली कामं उरकतो.

मिग-२१च्या बाबतीत आणखी एक कारण मी अनुभवाने शिकलो. मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन भरावं लागतं. मी मासेमारीच्या गळाचे शिशाचे छर्रे भरले आणि वर पांढरा गोंद ओतला. काही महिन्यांनी नाकाखालचा सांधा आतून कुणी ढकलल्यासारखा उकलला. पांढऱ्या गोंदातल्या आम्लाने शिसं गंजतं, गंजलेलं शिसं फुगतं आणि भाग फाडतं. छर्रे इपॉक्सीत बसवा.

पॉलिश पेपर कितीपासून कितीपर्यंत?

ढोबळ काम ४००ने, आकार नीट झाला की ६०० किंवा ८००, मग १०००, चकचकीत रंग असेल तर १५०० आणि २०००. आकडा वाढेल तसे कण बारीक: ४००चे कण साधारण ३५ मायक्रॉनचे, १०००चे १८ आणि २०००चे १० मायक्रॉनचे. ४००चे चरे ८००ने पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. ४००वरून थेट २०००वर उडी मारली तर चरे जात नाहीत, नुसते चकचकीत होतात.

वॉटर पेपर घ्या आणि ओलाच वापरा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की पेपर भरत नाही आणि धूळ उडत नाही. सपाट भागावर आइस्क्रीमच्या काडीला चिकटवलेला पेपर, गोल भागावर पातळ स्पंजाला लावलेला. मिग-२१च्या धडावर काडी चालवलीत तर पाठ चपटी होते, आणि ती चूक भरून निघत नाही. गोल भागावर सांध्याच्या दिशेने न घासता नळकांड्याला वळसा घालत, चपलेला पॉलिश करताना फडकं फिरवतो तसा पेपर फिरवा.

आजूबाजूचा नाजूक भाग वाचवायचा असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. कॉस्मेटिकच्या दुकानातला चार बाजूंचा नेल बफर मी वर्षानुवर्षं वापरतोय, दुकानदारीणबाईंना आता विचारायची सवयही राहिलेली नाही.

पेपर मारताना पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडाच्या कोरलेल्या रेघा) पुसल्या गेल्या. आता?

पुन्हा कोराव्या लागतील. हे काम घाबरण्यासारखं नाही, फक्त पहिल्या फिरवणीत जोर लावायचा नाही. जाड लेबल टेप (डायमोची असते तशी) कापून रेघेच्या कडेला पट्टीसारखी लावा आणि टाचणी किंवा स्क्राइबर जवळजवळ वजन न देता आठ-दहा वेळा ओढा. जोर लावलात की टोक टेप सोडून रस्ता बदलतं. चुकलेली रेघ फेविक्विकने भरा, घासा, पुन्हा कोरा.

गोल धडावर आडवी रेघ कोरायची असेल तर टेप पूर्ण वळसा घालून लावा आणि दोन्ही टोकं जिथे भेटतात तिथे सरळ जुळतात का ते आधी बघा. मऊ पुट्टीत कोरलेली रेघ कडेला भुगा होते, म्हणून रेघ जाणार असेल त्या ठिकाणी भरताना पुट्टी टाळा, हे मागेच ठरवलेलं बरं. कोरून झाल्यावर रेघेत अडकलेली धूळ टूथब्रशने काढा आणि द्रव गोंदाचा अगदी हलका कुंचला फिरवा, कडा गोलसर आणि स्वच्छ होतात.

जुन्या किटांवर रेघा खोदलेल्या नसतात, उंचवट्याच्या असतात. त्या वाचवत बसायचं की सगळ्या घासून नव्याने कोरायच्या, हे स्वभावावर आहे. मी एकदा सगळ्या कोरायला घेतल्या आणि त्या विमानाचं किट अजून डब्यात आहे.

गोंद लागलेल्या बोटाचा ठसा पंखावर उमटला!

हात लावू नका. पुसूही नका. ओला असताना पुसलंत तर ठशाचं रूपांतर फरफटीत होतं. एक दिवस तसाच वाळू द्या, मग ६००पासून सुरुवात करून सपाट करा. खोल असेल तर मिस्टर सरफेसरचा पातळ हात.

कॅनॉपीवर मधोमध रेघ आहे. ती काढू की राहू देऊ?

आधुनिक लढाऊ विमानांची फुगीर, खालच्या बाजूला आत वळणारी कॅनॉपी दोन भागांच्या साध्या साच्यातून निघत नाही, म्हणून साच्याला जादा सरकता भाग लावतात आणि त्याची रेघ नेमकी काचेच्या मधोमध येते. काढावीच लागते, पायलटच्या डोळ्यासमोर कुठल्याच खऱ्या विमानात अशी रेघ नसते.

मेडिकल दुकानातलं ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड उभं धरून, धारेच्या उलट दिशेने ओढत रेघ खरवडून काढा. मग १०००, १५००, २०००, त्यापुढचे बारीक पॅड, शेवटी प्लॅस्टिक पॉलिश किंवा साधी पांढरी टूथपेस्ट सुती कापडावर. मधल्या टप्प्यात काच पूर्ण दुधाळ दिसते आणि आपण सगळं बिघडवलं असं वाटून पोटात गोळा येतो. थांबू नका, पुढे साफ होते. कॅनॉपीच्या जवळ सायनोॲक्रिलेट नको, त्याच्या वाफेने काचेवर पांढरा थर चढतो. पारदर्शक वाळणारा पांढरा गोंद वापरा.

प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) द्यायलाच हवा का?

रंग धरून ठेवणं हे प्रायमरचं काम आहेच, पण आपल्यासाठी तो मुख्यतः हेर आहे. करड्या प्रायमरचा पातळ, सारखा हात दिला की राहिलेली प्रत्येक फट आणि प्रत्येक चरा समोर येतो. दोष दिसले तिथे पेन्सिलीने हलकी खूण करा, भरा, पेपर मारा, फक्त तेवढ्या जागी पुन्हा प्रायमर द्या. माझ्याकडून तीन फेऱ्या होतात. पहिल्याच फेरीत सगळं ठीक निघालं तर मी चष्मा पुसून परत बघतो.

पाण्यावर आधारित काही प्रायमर घासताना पापुद्र्यासारखे सोलले जातात. दुरुस्तीच्या फेऱ्या करायच्या असतील तर लॅकरवरचा (थिनरने पातळ होणारा) प्रायमर घ्या.

चंदेरी, उघड्या धातूचं विमान करायचंय. वेगळं काय लागतं?

संयम. मॅट हिरव्या रंगाखाली ८००चे चरे लपतात, चंदेरी रंगाखाली १५००चेही दिसतात. त्यामुळे सगळं विमान २०००पर्यंत न्या, शक्य असेल तर त्याहून बारीक पॅडने चमकवा. त्यावर चकचकीत काळा थर द्या आणि बॅटरीने तपासा. काळ्या आरशात दिसणारा दोष चंदेरी रंगातही दिसणारच, त्यामुळे मूळ धातू-रंग देण्याआधीची ही शेवटची संधी. पुट्टी आणि प्लॅस्टिक रंग वेगवेगळा शोषतात, म्हणून काळ्या थराखाली सलग प्रायमर हवाच.

मॉडेलवरची प्रत्येक रेघ दोष असते का? कुठली भरायची, कुठली ठेवायची?

हा प्रश्न विचारणारे कमी भेटतात. उत्तर किटच्या डब्यात सापडत नाही, ते खऱ्या विमानाकडे बघून मिळतं.

मिग-२१ घ्या. पाठीवर नाकापासून शेपटीपर्यंत गेलेली सांध्याची सलग रेघ किटची आहे, ती भरायची. पण पंखांच्या मागे धडाला वळसा घालणारी रेघ खरी आहे. इंजिन काढायचं असलं की त्या जागी शेपटीचा अख्खा भाग सुटा करतात. ती भरलीत तर मेकॅनिक मंडळींची पंचाईत.

उलटं उदाहरण अमेरिकेच्या पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानाचं. त्याच्या पंखाचा आकार हवेचा प्रवाह शक्य तितका वेळ सरळ, न विस्कटता राहावा असा काढला होता. त्यासाठी ते बनवणाऱ्या नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या कारखान्यातच पंखाच्या पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट पुट्टीने भरत, घासत आणि वर चंदेरी रंग देत. धड उघड्या धातूचं, पंख रंगवलेला. आता गंमत बघा: बरीच किटं त्याच पंखावर सुबक रेघा आणि रिव्हेटांच्या रांगा कोरून देतात, आणि आपण त्या जिवापाड जपतो. खरं मॉडेल करायचं तर त्या भरायला हव्यात. म्हणजे इथे किटचं कौतुकाचं काम हाच दोष!

ब्रिटनच्या स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या वेळी ते बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीच्या लोकांना प्रश्न होता की रिव्हेटची डोकी सगळीकडे सपाट हवीत की काही ठिकाणी उठावाची चालतील. उठावाची डोकी स्वस्त आणि बसवायला सोपी. त्यांनी नमुना-विमानाच्या सपाट रिव्हेटांवर वाटाण्याच्या डाळीचे दाणे चिकटवले, उडवून वेग मोजला, मग थोडेथोडे दाणे काढत पुन्हा उडवलं, आणि कुठे डोकं उठावाचं चालेल ते ठरवलं. डाळ चिकटवून विमान तपासणाऱ्यांच्या पुढे आपली पुट्टी-काडी काहीच नाही.

जमलं तर खरं विमान बघा. दिल्लीच्या पालम इथल्या वायुसेना संग्रहालयात स्पिटफायर आणि मिग-२१ दोन्ही आहेत. मिग-२१ने २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडमध्ये वायुसेनेचा निरोप घेतला, त्यामुळे आता ती आकाशात नाही, चौथऱ्यांवर आणि संग्रहालयांतच बघायची. जवळून पाहिलं तर खऱ्या पत्र्यावरही बारीक लाटा, पोचे आणि जरा वर आलेले स्क्रू दिसतात. ते मॉडेलवर आणायचे का, हे मी तुमच्यावर सोडतो. १/७२मध्ये मी आणत नाही.

पावसाळ्यात हे काम करावं का?

भरणं आणि घासणं बिनधास्त करा, खरं तर जून ते सप्टेंबर त्याच कामाला ठेवावा. लॅकरचा फवारा मात्र दमट हवेत पांढरट पडतो, म्हणून प्रायमरला उघडीप मिळालेला दिवस बघा. पाण्यावरची पुट्टी वाळायला नेहमीच्या दुप्पट वेळ धरा.

धुळीचा त्रास होतो का?

प्लॅस्टिक ओलं घासलं तर फारसा नाही. रेझिन आणि इपॉक्सी घासताना मास्क लावाच, ओलं असलं तरी. खिडकी उघडी ठेवा. गोंद आणि थिनर लहान मुलांपासून दूर, आणि डायनिंग टेबलावर काम करत असाल तर स्वयंपाकाच्या वेळेआधी उरका. हे शेवटचं आरोग्याच्या वेगळ्या कारणासाठी.

रंग देऊन झाला आणि आत्ता फट दिसली. सगळा रंग काढू?

गरज नाही. आधी रंग किमान दोन दिवस वाळू द्या. मग फटीभोवती बोटभर जागेत १०००च्या ओल्या पेपरने रंगाची कड उतरती करा, म्हणजे रंग आणि प्लॅस्टिक यांच्यात पायरी राहणार नाही. फट फेविक्विकने भरा, कारण द्रावकावरची पुट्टी आजूबाजूचा रंग फुगवते. तासाभरात सपाट करा, १५००ने बारीक करा, तेवढ्याच जागी प्रायमर द्या. नवा रंग शक्यतो पॅनल लाइनपर्यंत नेऊन थांबवा. दोन पॅनलांच्या छटेत थोडा फरक राहिला तरी चालतो, खऱ्या विमानावरही बदललेलं पॅनल वेगळं दिसतंच.